खर्जातला गांधार

मिरजेला आमच्याकडची माणसे जातात ती बहुधा दुखणे घेऊन. खटाव तालुक्यात, औंधच्या यमाईच्या डोंगरापासून दोन कोसांवर असलेल्या आमच्या गावात ‘अमक्याला मिरजेला हलवले’ असे कोणी पारावर सांगितले, की ऐकणाऱ्याने पुढचे काही न विचारता पायांत वहाणा सरकवून त्या घराकडे निघावे, इतका त्या शब्दांचा अर्थ ठरून गेलेला होता. आणि १९८३ सालच्या श्रावणात, अर्धांगाच्या झटक्याने वाचा व उजवे अंग गमावून बसलेल्या माझ्या वडिलांना भाड्याच्या जीपगाडीत आडवे घालून थोरले चुलते आणि मी त्या गावी पोचलो, तेव्हा हे शहर गाण्याचे म्हणून कोणाला माहीत असेल, अशी पुसट कल्पनाही माझ्या मनात नव्हती. मी सतरा वर्षांचा होतो. वडील माळकरी, गावच्या भजनी मंडळात एकतारी धरणारे. त्यांच्या तोंडून शब्द निघेनासा झाला होता, आणि डावा हात तेवढा गोधडीवर काहीतरी चाचपीत असे.

रुग्णालयात दुपारी दोन ते चार या वेळात नातेवाइकांना बाहेर काढीत. त्या दोन तासांत करायचे काय, म्हणून मी गावातून निरुद्देश भटकत असे. आणि अशाच एका दुपारी सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी एक आवाज ऐकून मी थांबलो. एकतारीचा आवाज माझ्या परिचयाचा होता, पण हा तिच्याहून किती तरी दाट, लांबणारा आणि जणू आतून उजळलेला असा होता. दुकानाच्या पायरीशी मी घुटमळलो तसे आत बसलेल्या वृद्ध कारागिराने मान वर न करताच म्हटले, ‘‘बस की बाळ. तारेला हात नको लावू, नुसतं ऐक.’’ मी बसलो. गेली चाळीस वर्षे जे काही संगीत मी शिकत आलो आहे, त्याचा पहिला पाठ तोच होता, आणि खरे सांगायचे तर त्याच्या पलीकडचा पाठ मला अद्याप कोणी दिलेला नाही.

हे कारागीर चाचा त्या दिवशी जवारी, म्हणजे तारेचा नाद खुलवणारा घोडीचा बाक, काढीत होते. तंबोरा मांडीवर आडवा घेतलेला. भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी तबलीवर मध्यभागी जी पसरट घोडी असते, तिच्या पाठीवरून ते एक बारीक कानस इतक्या हलक्या हाताने फिरवीत, की कानशीखाली पडणारी भुकटी फुंकर घातल्यावरच दिसावी. घोडीची ही पाठ सपाट वाटली तरी तिला अत्यंत सौम्य असा बाक असतो, आणि सगळे रहस्य त्या बाकात साठवलेले असते. कारण कंप पावणारी तार घोडीला एकाच बिंदूवर न टेकता त्या उतारावर क्षणोक्षणी लागत आणि सुटत राहते, आणि त्यामुळेच एका आघातातून नादाची ती लांब झालर उलगडत जाते. दोनचार वेळा कानस फिरवायची, तार छेडायची, डोळे मिटून ऐकायचे, पुन्हा तार बाजूला सारून कानस. शेवटी सुताचा एक धागा तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवून ते तो केसभर पुढे, केसभर मागे करू लागले. ‘‘आता बघ हं, उघडेल,’’ असे ते पुटपुटले, आणि धागा एका जागी येताच, बंद खोलीचे दार कोणी लोटावे तसा तो नाद खरोखरच उघडला.

हे हात शिकलगारांचे होते, हे मला पुढे कळले. मिरज हे किल्ल्याचे व पटवर्धनांच्या जहागिरीचे ठिकाण. तेथे तलवारी, भाले, जंबिये यांना धार लावणारी शिकलगार घराणी नांदत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांचा तो जमाना मावळला, पागा मोडल्या, आणि हातातली कला कोणापुढे रुजू करावी हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने तंबोरे घडवण्यास आरंभ केला, आणि त्या कुळांचे आडनावच कालांतराने सतारमेकर होऊन गेले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमाकाठच्या मळ्यांतून येणारे कडू भोपळे ते निवडतात. ते पाण्यात भिजवून, कापून, आतला गर खरवडून काढतात. तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली जोडतात आणि वरून लाखेचे पॉलिश चढवतात. भोपळा सर्वस्वी सृष्टीने दिलेला असल्यामुळे कोणतेही दोन तंबोरे सारखे होत नाहीत. धारेच्या पात्यावर बोट न कापता जो बारकावा अंगठ्याला कळत असे, तोच बारकावा पुढे घोडीच्या बाकावर उतरला, असे मी मानतो. आणि एका शस्त्रोपजीवी जमातीने कोणाच्या हुकुमावाचून, कोणत्याही सनदेवाचून स्वतःच्या विद्येचे असे रूपांतर करून घेतले, ही घटना आमच्या शालेय इतिहासात लढायांच्या तारखांशेजारी छापली जावी अशी माझी इच्छा आहे.

मिरजेच्या गाण्याचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा माझ्या ध्यानात आलेली पहिली गोष्ट ही, की तिथे गाणे आले तेही पुष्कळदा दुखण्याच्या वाटेने. विष्णु दिगंबर पलुस्कर १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडास जन्मले. बालपणी दारूकामाच्या स्फोटात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, उपचारासाठी त्यांना मिरजेस आणण्यात आले, आणि अधू दृष्टीमुळे पुस्तकी विद्या खुंटली तेव्हाच ते मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती सोपवले गेले. ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे कष्टाने ख्यालगायकी संपादून ती महाराष्ट्रात आणणारे ते हेच बाळकृष्णबुवा. नारायण राजहंस या मुलाला, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांना, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी मिरजेस पाठवले ते कानाच्या उपचारासाठी. आणि तेथेच किर्लोस्कर नाटक मंडळीशी त्यांची गाठ पडून १९०५ साली रंगभूमीला तिची शकुंतला मिळाली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ प्लेगच्या दिवसांत आजारी अवस्थेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आश्रयाला आले व तिथे बरे झाले, अशी कथा मिरजेत परंपरेने सांगतात. कथेचा भाग कथा म्हणून बाजूला ठेवला, तरी ते मिरजेचे झाले हे मात्र दस्तऐवजाइतके पक्के आहे.

पलुस्कर आणि अब्दुल करीम खाँ हे दोघे एकाच, १८७२ च्या साली जन्मले, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. एकाने १८९६ मध्ये राजाश्रय सोडून मिरज सोडली, आणि ५ मे १९०१ रोजी दूर लाहोरला, लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारे गांधर्व महाविद्यालय उघडले. गवई हा दरबारचा तैनाती नोकर ही समजूत त्याने मोडून काढली आणि सद्गृहस्थांच्या मुलामुलींना तंबोऱ्यापुढे बसवले. दुसऱ्याने कोमल, आर्त आणि सुरेल अशा आलापीने सबंध दक्षिण महाराष्ट्राचा व कर्नाटकाचा कान बदलून टाकला. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य, आणि मिरजेतच १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर या त्यांच्या कन्या. पलुस्करांचा देह १९३१ च्या ऑगस्टात मिरजेतच पडला. खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडेचरीच्या वाटेवर असताना सिंगपेरुमाळकोविलच्या रेल्वे फलाटावर निवर्तले, आणि त्यांना मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. दर वर्षी उरुसात तिथे चिंचेच्या झाडाखाली गायक-वादक हजेरी लावतात. त्या सभेत मी मांडी घालून रात्री काढल्या आहेत. तेथे येणारा श्रोता हळदीच्या पेठेतला हमाल आहे की वकील, हिंदू आहे की मुसलमान, मराठी बोलतो की कानडी, हे त्याच्या दाद देण्यावरून ओळखता येत नाही.

कानडीचा उल्लेख मी मुद्दाम करतो. मिरजेच्या नीलकंठबुवा अलूरमठांकडे ग्वाल्हेर गायकी शिकावयास धारवाडकडचा जो मुलगा राहिला, त्याचे नाव मल्लिकार्जुन मन्सूर. गाण्याने सरहद्दीच्या कज्ज्यात कधी भाग घेतला नाही.

रुग्णालयातल्या एकोणिसाव्या दिवशीची गोष्ट. सायंकाळी शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे वयोवृद्ध बंधू हलक्या आवाजात हरिपाठ म्हणत बसले होते. आणि ज्यांना पाणी मागता येत नव्हते, माझे नाव घेता येत नव्हते, त्या माझ्या वडिलांनी विठ्ठलाच्या नामाचा गजर त्यांच्याबरोबर, शब्दांसकट आणि जवळजवळ सुरांत, चार वेळा उच्चारला. चुलत्यांच्या डोळ्यांना धार लागली. आम्हाला वाटले, वाचा परत आली. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी फार सौम्यपणे समजावून सांगितले, की बोलण्याचे केंद्र बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागात असते व तोच भाग दुखावल्यामुळे उजवे अंग व वाचा गेली. परंतु गाण्याचे व पाठ असलेल्या गोष्टी म्हणण्याचे काम उजव्या भागाच्या साहाय्याने चालू शकते, म्हणून असे रुग्ण कधी कधी बोलू शकत नसताही गाऊ शकतात. वडील त्यानंतर अकरा वर्षे जगले. भजन म्हणत, बोलणे मात्र मोडके-तोडकेच राहिले. संगीताने रोग बरे होतात असे जे हल्ली सर्रास छापले जाते, ते वाचताना म्हणूनच माझे मन संकोचते. संगीताने माझ्या पित्याला बरे केले नाही. ते त्यांच्यापाशी राहिले, एवढेच. आणि सगळे सोडून जात असताना जे राहते, त्याची योग्यता ठरवण्यास मला दुसरे प्रमाण लागत नाही.

पुढल्या वर्षी शिक्षणाच्या निमित्ताने मी सांगलीस आलो, आणि आठवड्यातून तीन दिवस मिरजेस एका बुवांकडे जाऊ लागलो. बुवांनी पहिले पाच महिने मला गाऊ दिले नाही. तंबोरा जुळवायचा, छेडायचा, गवसणीत घालायचा. पंचम, दोन जोडाच्या तारा आणि शेवटची पितळी खर्जाची, अशा चार तारा. मला तो काळ केवळ तपश्चर्येच्या नावाखाली चाललेली हेळसांड वाटे. आणि मग एका पहाटे, तारा अगदी मिळून आल्या असताना, त्या चौघींपैकी कोणाचाही नसलेला पाचवा सूर मला स्पष्ट ऐकू आला. तो गांधार होता. मी दचकून बुवांकडे पाहिले. ते हसले आणि म्हणाले, ‘‘आला? आता गायला बसा.’’

सामान्य वाचकाला याचे मर्म थोडक्यात सांगितले पाहिजे. कोणतीही तार कंप पावते तेव्हा ती अखंड तर हालतेच, पण त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच अशा समान भागांतही हालत असते, आणि प्रत्येक विभागाचा स्वतःचा सूक्ष्म नाद मूळ नादात मिसळलेला असतो. तिसऱ्या विभागातून पंचम निघतो, पाचव्यातून गांधार. उत्तम जवारीचा तंबोरा हे सूक्ष्म नाद झाकून न ठेवता वर आणतो, म्हणून खर्जाच्या तारेत कोणी न वाजवलेला गांधार उमटतो. यालाच आमच्याकडे स्वयंभू गांधार म्हणतात. गवई ज्या सुराला आपला सूर टेकवून पाहतो तो असा आधीपासून तिथे असलेला सूर असतो. पेटीचा गांधार याहून किंचित चढा असतो, कारण पेटीची सप्तकविभागणी सर्व पट्ट्यांच्या सोयीसाठी समान केलेली असते. हा फरक कानाला एकदा कळला, की तो विसरता येत नाही.

याच फरकाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्या मुलखातील दोन सरकारी अधिकाऱ्यांना झपाटले होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० साली सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांवर, आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सिव्हिल सर्व्हिसमधील न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्याशी त्यांचे सूत जुळले. दोघांनी मिळून साताऱ्यास फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था काढली, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातील स्वरस्थाने मोजण्याचे प्रयोग केले, आणि बावीस श्रुती वाजवील अशी पेटी करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या सगळ्यावर पुष्कळ वाद माजला, संगीतशास्त्रकार भातखंड्यांना त्यांचे गणित मान्य झाले नाही, आणि ती पेटी प्रचारात आली नाही. माझ्या मते भातखंड्यांचा आक्षेप बरोबर होता, कारण गवयाचा सूर रागागणिक आणि क्षणागणिक हलतो, त्याला खिळे ठोकून बसवता येत नाही. तथापि आयुष्यभर जमाबंदीचे आकडे तपासलेल्या एका मामलतीच्या माणसाने उतारवयात गांधाराचे ठिकाण मोजावयास बसावे, यात मला फार मोठी श्रद्धा दिसते.

हे सर्व शिकत असताना माझ्या मनात एक लाज घर करून होती, ती कबूल केली पाहिजे. गावी गेलो, की आईच्या जात्यावरच्या ओव्या, रात्री माळावरून येणारा धनगरांचा गजी ढोल, जत्रेतला तमाशा, हे मला एकाएकी ओबडधोबड वाटू लागले होते. ज्या वाळवे तालुक्याने पठ्ठे बापूराव दिले, त्याच मुलखाच्या वाटेने मी दर आठवड्यास जात-येत होतो. रेठरे हरणाक्षच्या ज्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी, म्हणजेच या बापूरावांनी, जात, वतन, लौकिक सर्व सोडून ढोलकीच्या फडाला आयुष्य वाहिले, त्यांचे नाव आमच्या वर्गात कोणी घेत नसे. पाचवड-वाईकडच्या पसरणीत १९२३ साली जन्मलेले शाहीर साबळे, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, कवलापूरचे काळू-बाळू हे संगीताच्या विद्यार्थ्याने अभ्यासावयाचे विषय आहेत, असे मला कोणी सांगितले नाही आणि मलाही सुचले नाही.

ती लाज उतरली ती औंधात. अंतुबुवा जोशी हे बाळकृष्णबुवांचे शिष्य, औंध संस्थानचे गवई. १९४० साली त्यांनी तेथे जो संगीतोत्सव सुरू केला तो त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांनी पुढे चालवला आणि आजही आश्विनात तो भरतो. तिकीट नाही, पंचक्रोशीतले शेतकरी रात्रभर बसतात. एका वर्षी मी आईला घेऊन गेलो. पहाटे कोणी भैरव मांडला होता, आणि ज्या बाईला रागाचे नाव माहीत नव्हते ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘‘ह्यो दळताना लागतो तसाच लागतोय रं.’’ मी घरी येऊन तिला जाते फिरवावयास सांगितले. जात्याची घरघर हा तिचा खर्ज होता. त्यात ती आपला सूर टेकवीत होती, आणि तिच्या ओवीतला रिषभ ज्या खालच्या जागी झुकत होता, ती जागा मला बुवांकडे गाठावयास दोन वर्षे लागली होती. आईने ती पहाटेच्या अंधारात, पायली दोन पायली जोंधळा दळताना, कोणाच्याही परीक्षेविना मिळवली होती.

परीक्षांबद्दल बोलायचे तर, पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ साली स्थापलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा मीही दिल्या, आणि संगीत खेडोपाडी पोचवण्याचे जे कार्य त्या परीक्षांनी केले त्याचे ऋण मानतो. पण आज वर्गावर्गांतून तंबोरा नाहीसा झाला आहे. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची एक लहानशी डबी किंवा मोबाइल फोन पट्टी लावून ठेवलेला असतो, आणि मुले पहिल्याच दिवशी गाऊ लागतात. डबीचा सूर चुकत नाही, हे खरे. म्हणूनच मुलाला जुळवण्याचे श्रम पडत नाहीत, आणि जुळवता जुळवता कान जो तयार व्हायचा तो तयार होत नाही. तबकडीवरचा आणि डबीतला नाद दर फेरीला तोच असतो. तंबोरा हवेबरोबर उतरतो, पावसाळ्यात रुसतो, दिवसातून दहा वेळा मणी सरकवावा लागतो. या सतत काळजी घ्यावयाच्या सवयीतूनच सुराविषयीची नम्रता अंगी येते, असे माझे ठाम मत आहे.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने या वाद्यांपुरते मिरजेचे नाव कायद्याने सुरक्षित झाले. गिऱ्हाईक मात्र कायद्याने येत नाही. ज्यांच्या पायरीवर मी त्या श्रावणात बसलो ते चाचा आता नाहीत. त्यांचा नातू जवारी काढतो, आणि त्याचाही हात तसाच हलका आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी आजीचा, आत्याचा किंवा कोणा काकांचा तंबोरा माळ्यावर, गवसणीत गुंडाळून, तारा गंजलेल्या अवस्थेत उभा असेल. तो खाली काढा. भोपळा फुटलेला असला तरी तो जोडता येतो, खुंट्या बदलता येतात, घोडी नवी बसवता येते. मिरजेस उतरून सतारमेकर गल्ली विचारा, कोणीही दाखवील. आणि तंबोरा कारागिराच्या हवाली केल्यावर लगेच निघू नका, जवारी उघडेपर्यंत पायरीवर बसा.